मानपत्रात काय लिहावे?



गेल्या पंधरवड्यात बेळगावकडील एका खेड्यातून आमच्याकडे एक पत्र आले. तेथील ‘मरियेच्या सेने’ची, म्हणजे लीजन ऑफ मेरीची शाखा आपल्या एका वृद्ध सभासद भगिनीचा सत्कार करणार आहे. या भगिनीने चाळीसहून अधिक वर्षे शाखेत काढली आहेत. सारा गाव तिला मावशी म्हणूनच ओळखतो. शाल, श्रीफळ आणि हार ही तयारी झाली आहे. सत्काराचा रविवारही फादरांनी नेमून दिला आहे. मात्र चौकटीत बसवून द्यावयाच्या मानपत्राचा मजकूर कोणाला सुचेना, तेव्हा तो आम्ही लिहून पाठवावा, अशी त्या मंडळींची विनंती आहे.

पत्राच्या शेवटी, सहीच्या अगोदर, एक वाक्य जाता जाता लिहिलेले आहे. मावशींचे गुडघे आता साथ देत नाहीत; त्यामुळे गेल्या पावसाळ्यापासून दर बुधवारच्या आजाऱ्यांच्या भेटी बंद आहेत.

सबंध पत्र आम्ही एकदा वाचले. हे शेवटचे वाक्य मात्र तीनदा वाचले. त्या मंडळींना आम्ही खाजगी उत्तर धाडले आहेच. परंतु असे सत्कार आज सीमाभागात होतात, गोव्यात होतात, आणि जेथे जेथे आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसली आहेत तेथेही होतात. यास्तव गावाचे नाव वगळून हा विषय सर्व वाचकांपुढे ठेवणे आम्हांला उचित वाटते.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. काही भाविक म्हणतात, “देवाच्या कामाचा कसला सत्कार? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले आहे. सांगितलेले सर्व काही केल्यावरही आपण निरुपयोगी दास आहोत असेच म्हणावे, हीही त्याचीच शिकवण.” आक्षेप सद्‌हेतूने केलेला आहे, तथापि तो चुकीच्या दारावर थाप मारतो. ही शिकवण करणाऱ्यासाठी आहे, पाहणाऱ्यासाठी नाही. ‘मी निरुपयोगी दास आहे’ असे मावशींनी म्हणावे, हे त्यांना शोभते. ‘त्या निरुपयोगी दास आहेत’ असे आपण म्हणू लागलो, तर तो नम्रपणा नव्हे, कृतघ्नपणा होय. मातापित्यांचा मान राखण्याची आज्ञा देवाने दहा आज्ञांत घातली, ती मातापित्यांना मानाची हाव असते म्हणून नव्हे. मान न देणाऱ्या मुलांचे मन कोरडे पडते म्हणून. तेव्हा सत्कार अवश्य करावा. प्रश्न आहे तो इतकाच की, तो कसा करावा आणि मानपत्रात काय लिहावे.

आजवर आमच्या हाती पुष्कळ मानपत्रे आली. त्यांत एक मोठी सोय असते. ती कोणालाही चालतात. ‘त्यागमूर्ती’, ‘सेवाव्रती’, ‘समाजाचा दीपस्तंभ’, ‘चंदनासारखे झिजलेले जीवन’ हे शब्द एकदा छापून ठेवावेत आणि वरचे नाव तेवढे बदलावे. मग तोच कागद निवृत्त मुख्याध्यापकांना देता येतो, दूधसंस्थेच्या अध्यक्षांना देता येतो, बदलून जाणाऱ्या फौजदारांनाही देता येतो. ऐकणारे टाळ्या वाजवितात; परंतु घरी जाताना त्यांना विचारा, मावशींनी नेमके काय केले? कोणालाच सांगता येणार नाही. ज्या स्तुतीतून माणूस ओळखता येत नाही ती स्तुती म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले विस्मरणच.

याउलट पवित्र शास्त्रात एका दीर्घकाळ सेवा करणाऱ्या स्त्रीचे मानपत्र आहे, ते आपण पाहू. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात हन्ना नावाची वृद्धा भेटते. बाळ येशूला मंदिरात आणले त्या वेळची ती गोष्ट. लूक तिच्याविषयी काय सांगतो? तिचे नाव सांगतो, तिच्या वडिलांचे फनूएल हे नाव सांगतो, ती आशेरच्या वंशातली होती हे सांगतो. लग्नानंतर सात वर्षे पतीबरोबर राहिली, पुढे विधवा झाली, हे सांगतो. चौऱ्याऐंशी हा वर्षांचा आकडा देतो. ती मंदिर सोडून जात नसे आणि उपास व प्रार्थना करून रात्रंदिवस सेवा करीत असे, हे सांगतो. मग त्या नेमक्या घटकेला ती जवळ आली, तिने देवाचे आभार मानले आणि जे तारणाची वाट पाहत होते त्या सर्वांना तिने बालकाविषयी सांगितले, असे म्हणून तो थांबतो. वाचकहो, या मजकुरात ‘थोर’ नाही, ‘महान’ नाही, ‘त्यागमूर्ती’ नाही. विशेषण शोधून सापडत नाही. नाव, गाव-घराणे, वर्षे आणि काम, एवढेच आहे. आणि दोन हजार वर्षे लोटली तरी हन्ना आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते.

प्रेषित पौलाचाही हाच कित्ता आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय आपण मिस्सेत ऐकतो तेव्हा ती नुसती नावांची यादी वाटते. परंतु ती यादी लक्ष देऊन वाचावी. वीसहून अधिक माणसांना पौल नावाने सलाम पाठवितो, आणि त्यांतील अनेकांच्या नावापुढे त्यांचे काम जोडतो. प्रिस्का आणि अक्विला या पतिपत्नींनी त्याच्यासाठी आपला जीव धोक्यात घातला. मरियेने त्या मंडळीसाठी पुष्कळ श्रम केले. पर्सिस हिनेही प्रभूमध्ये फार श्रम केले. रूफसची आई तर पौलाचीही आई झाली. आणि यादीच्या आरंभी किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिच्याविषयी तो लिहितो ते आपल्या विषयाला फारच लागू आहे. तिने पुष्कळांना साहाय्य केले, एवढे सांगूनच तो थांबत नाही. तिला ज्या ज्या गोष्टीची गरज पडेल त्यांत तुम्ही तिला साहाय्य करा, असेही तो बजावतो. म्हणजे पौलाच्या मते सन्मानाची दोन अंगे आहेत. एक, तिने काय केले ते नेमके सांगणे. दुसरे, आता तिला काय हवे ते विचारून पुरविणे. आपल्या सत्कारांतून पहिले अंग पुसट होते आणि दुसरे बहुधा गळूनच जाते.

तेव्हा त्या शाखेच्या मंडळींना आमचे पहिले सांगणे असे की, मानपत्र लिहावयास बसण्यापूर्वी सभांची जुनी इतिवृत्ते काढावीत. लीजनची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. दर आठवड्यास सभा भरते, जपमाळेची प्रार्थना होते, आध्यात्मिक वाचन होते, मग प्रत्येक सभासद गेल्या आठवड्यात नेमून दिलेले काम कसे केले ते तोंडी सांगतो आणि चिटणीस त्याची नोंद घेतात. चाळीस वर्षांच्या त्या वह्यांत मावशी सापडतील. किती आजाऱ्यांच्या उशाशी त्या बसल्या, किती जणांना फादरांची भेट घडवून कम्युनियन मिळवून दिले, कोणत्या घरी मयत झाल्यावर नऊ दिवस जपमाळ चालविली, हे तेथे मिळेल. वह्या वाळवीने खाल्ल्या असतील, तर ज्या घरी त्या जात त्या घरांत जाऊन विचारावे. लोक जे सांगतील ते त्यांच्याच साध्या शब्दांत उतरून घ्यावे. एखाद्या म्हाताऱ्याला त्यांनी दर बुधवारी पेज भरविली असेल, तर मानपत्रात ‘पेज’ हाच शब्द लिहावा, ‘अन्नदान’ लिहू नये.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. आजाऱ्यांच्या घरी जे दिसते-ऐकू येते ते बाहेर बोलायचे नाही, हे अशा मंडळांचे व्रत असते. मावशींनी ते चाळीस वर्षे पाळले. मानपत्राच्या भरात आपण ते मोडू नये. कोणाच्या घरातील दारू, भांडण किंवा कर्ज मावशींनी निस्तरले, हे सर्वांस ठाऊक असले तरी व्यासपीठावरून उच्चारू नये. सांगता येईल तेवढेच सांगावे. न सांगितलेल्याचा हिशेब जेथे ठेवला जातो तेथे तो चोख आहे.

आता लीजनच्याच घरातील एक उदाहरण देतो, कारण दीर्घ सेवेचा विषय निघाला म्हणजे फ्रँक डफ यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे.

फ्रँक डफ हे आयर्लंडमधील डब्लिन शहराचे. जन्म ७ जून १८८९. ते सरकारी कचेरीत नोकरी करीत. कचेरीतल्याच एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून १९१३ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद झाले आणि डब्लिनच्या दरिद्री वस्तीतील घरे चढू-उतरू लागले. पुढे ७ सप्टेंबर १९२१ रोजी, मरियेच्या जन्मदिनाच्या पूर्वसंध्येस, फ्रान्सिस स्ट्रीटवरील मायरा हाऊस नावाच्या इमारतीत एक लहानशी सभा भरली. डफ, फादर मायकेल टोहर आणि पंधरा स्त्रिया, बहुतेक तरुण, एवढीच ती मंडळी. टेबलावर पांढरे वस्त्र, त्यावर मरियेची मूर्ती, दोन फुलदाण्या व दोन मेणबत्त्या. आजही जगभर लीजनच्या सभेचे मेज याच रीतीने मांडले जाते. त्या सभेत ठरलेले काम अगदी साधे होते: शहरातील गोरगरिबांच्या रुग्णालयात जाऊन स्त्री-रुग्णांना भेटायचे, आणि एकटीने नव्हे, जोडीने जायचे. या मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा एलिझाबेथ किर्वन या बाई होत्या, डफ नव्हेत. ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी.

पुढे काम वाढले. १९२२ साली शरीरविक्रयाच्या गर्तेत सापडलेल्या स्त्रियांसाठी सँक्ता मारिया हे वसतिगृह उघडले. १९२७ साली बेघर पुरुषांसाठी मॉर्निंग स्टार आणि १९३० साली बेघर स्त्रियांसाठी रेजिना चेली ही वसतिगृहे निघाली. अविवाहित मातांपासून त्यांची मुले तोडली जात अशा त्या काळात रेजिना चेलीत माता आपल्या लेकरासह राहू शकत असे. १९३४ साली डफ यांनी नोकरी सोडली आणि उरलेला सर्व वेळ या कार्यास दिला. दुसरी व्हॅटिकन धर्मसभा भरली, तेव्हा १९६५ च्या शेवटच्या सत्रास पोप सहावे पॉल यांनी त्यांना प्रापंचिकांपैकी निरीक्षक म्हणून बोलाविले. सभागृहात त्यांची ओळख करून देण्यात आली तेव्हा जगभरचे बिशप उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्यांचा गजर केला. प्रापंचिकांच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.

वाचकहो, हा सत्कार झाला तेव्हा डफ ७६ वर्षांचे होते. सत्कारानंतर त्यांनी काय केले? ते डब्लिनला परतले आणि आपल्या कामाला लागले. पुढे पंधरा वर्षे त्यांनी तेच काम केले. ७ नोव्हेंबर १९८० रोजी, पहिल्या शुक्रवारी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांना संतपद मिळावे यासाठी चौकशीचे काम १९९६ साली सुरू झाले असून धर्मसभा त्यांना ‘देवाचा सेवक’ म्हणते. १९२१ पासून १९८० पर्यंत एकोणसाठ वर्षे! परंतु आमच्या मते त्यांचा सर्वांत मोठा गुण एकोणसाठ वर्षे टिकून राहणे हा नव्हे. आपण नसलो तरी काम चालावे अशी घडी त्यांनी बसविली, हा होय.

ही घडी लीजनच्या नियमांत दिसते. कोणाही अधिकाऱ्याची नेमणूक तीन वर्षांसाठी होते. आणखी तीन वर्षे त्याच पदावर राहता येते. म्हणजे सगळी मिळून सहा. त्यानंतर तीन वर्षांचे अंतर पडल्याखेरीज तेच पद पुन्हा घेता येत नाही. दुसरा नियम, काम जोडीने करायचे. जुन्या सभासदाबरोबर नवा जायचा, जसा सुताराबरोबर उमेदवार मुलगा जातो. रंधा कसा धरावा हे त्याला भाषणातून शिकवीत नाहीत, हाताला हात लावून शिकवितात. हे दोन्ही नियम एकाच विश्वासावर उभे आहेत. काम देवाचे आहे, माणसाच्या मालकीचे नव्हे. म्हणून ते एका माणसाच्या गुडघ्यांवर कधीच अवलंबून ठेवू नये.

येथे आम्ही त्या पत्रातील शेवटच्या वाक्याकडे येतो.

मावशींचे गुडघे दुखू लागले आणि बुधवारच्या भेटी बंद पडल्या. याचा अर्थ काय? चाळीस वर्षे गावातील आजाऱ्यांना भेटण्याचे काम शाखा करीत होती, असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात मावशी ते काम करीत होत्या आणि शाखा त्याची नोंद घेत होती. हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. एखादे माणूस भरवशाचे निघाले की त्याच्यावर सर्व भार टाकून मोकळे होणे हा आपणा सर्वांचाच स्वभाव आहे. घरात आई असते तोवर चुलीची चिंता कोणी करीत नाही. परंतु अशा वेळी होणारा सत्कार मोठा नाजूक असतो. त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. ‘तुम्ही केलेत ते आम्ही पाहिले, आता ते आम्ही पुढे नेऊ’ हा एक अर्थ. ‘तुम्ही होतात म्हणून झाले, आता संपले, ही घ्या शाल’ हा दुसरा. दोन्ही प्रसंगी शाल तीच, नारळ तोच, टाळ्याही तेवढ्याच. फरक कळतो तो पुढल्या बुधवारी.

आणि त्या बुधवारी वाट पाहणारे कोण आहेत, हेही मनात आणावे. आज आपल्या खेड्यांत कितीतरी घरे अशी आहेत की, जेथे मुलगा आखातात, सून बंगळुरास किंवा पुण्यास, आणि मागे दोन म्हातारी माणसे. महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. औषध आणून देणारा शेजारी असतो. येत नाही ते उशाशी बसणारे माणूस. दूरध्वनीवर मुलगा विचारतो, “बाबा, बरे आहात ना?” आणि बाबा म्हणतात, “होय बाळा.” खरे उत्तर ते मावशींना सांगत. गेल्या पावसाळ्यापासून ते कोणालाच सांगत नाहीत. सत्काराच्या रविवारी हे लोक मंडपात नसतील, कारण ते अंथरुणावर आहेत. मावशींची खरी किंमत ज्यांना ठाऊक आहे तेच त्या दिवशी गैरहजर असणार.

अशाच एका सत्काराची हकीकत फ्रान्समध्ये घडली होती. पॅरिस शहरातील मूफतार या कमालीच्या दरिद्री वस्तीत सिस्टर रोझाली रेंदू यांनी पन्नासहून अधिक वर्षे सेवा केली. दवाखाना, शाळा, लहान मुलांचे पाळणाघर, वृद्धांसाठी आश्रय, सर्व काही त्यांनी तेथे उभे केले. १८५२ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ हे फ्रान्सचे मानचिन्ह दिले. त्या ते नाकारणार होत्या. वरिष्ठांनी आज्ञा केली म्हणून त्यांनी ते घेतले. शेवटी शेवटी त्यांची दृष्टी गेली. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी त्या देवाघरी गेल्या, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला गोरगरिबांची अपार गर्दी लोटली. ९ नोव्हेंबर २००३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

परंतु त्या मानचिन्हाहून मोठा असा त्यांचा एक सन्मान झाला होता, आणि तो कोणी सन्मान म्हणून केलाच नव्हता. २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमधील काही विद्यार्थी आणि त्यांचे वडीलधारे मित्र एमानुएल बायी अशी सात मंडळी एकत्र आली आणि त्यांनी गोरगरिबांच्या घरी जाण्याचे ठरविले. त्यांतील फ्रेडरिक ओझानाम यांचा तो विसावा वाढदिवस होता. उत्साह पुष्कळ, पण कोणत्या घरी जावे, तेथे काय बोलावे, हे त्यांना कळेना. ते सिस्टर रोझाली यांच्याकडे गेले. सिस्टरांनी त्यांच्या हाती घरांची यादी दिली, भाकरीच्या व कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गरिबाच्या दारात कसे उभे राहावे हे शिकविले. तीच पुढे संत विन्सेंट डी पॉल संस्था झाली. त्याच संस्थेत ऐंशी वर्षांनी फ्रँक डफ हा तरुण दाखल झाला, आणि त्याच्या हातून लीजन उभी राहिली. एका सेविकेच्या हातातील यादी तरुणांनी घेतली, म्हणून बेळगावकडील आपल्या खेड्यात आज मावशी आहेत. सम्राटाच्या मानचिन्हाचे पुढे काय झाले हे आज कोण विचारतो? यादी मात्र अजून हातोहात चालली आहे.

आपल्या गोमंतकीय वाचकांना कॉन्फ्रारियांची जुनी रीत ठाऊकच आहे. सभासद वारला म्हणजे बाकीचे सभासद ओपा-मुर्सा चढवून, क्रूस व निशाण घेऊन त्याच्या अंत्ययात्रेला जातात. ही रीत फार सुंदर आहे, ती कधी मोडू नये. सभासद मेल्यावरही आपलाच असतो, हे ती शिकविते. त्याच्याच जोडीला आम्ही असे म्हणू की, तो थकल्यावरही आपलाच असतो. मरणाच्या दिवशी जे निशाण दारात जाते, ते दुखण्याच्या दिवसांतही एकदा जावे.

तेव्हा त्या शाखेला आमच्या सूचना अशा आहेत.

सत्कारापूर्वी मावशींच्या घरी जाऊन त्यांच्या बुधवारच्या घरांची यादी त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावी. कोणाला ऐकू कमी येते, कोणाला जपमाळेत कोणते रहस्य आवडते, कोणाचा कुत्रा चावतो, हे सर्व त्यांना ठाऊक आहे. चाळीस वर्षांची ही ठेव शालीबरोबर पेटीत बंद होऊ देऊ नये.

मग त्या यादीतील एकेक घर एकेका जोडीने वाटून घ्यावे. सभासद अपुरे असतील, तर फादरांच्या अनुमतीने रविवारच्या मिस्सेनंतर तरुणांना विचारावे. ‘लीजनमध्ये या’ असे मोघम न विचारता, ‘या एका म्हाताऱ्याकडे दर बुधवारी अर्धा तास याल का?’ असे विचारावे. मोघम हाकेला कोणी ओ देत नाही. नावाने मारलेली हाक टाळणे अवघड असते.

मावशींना मात्र निवृत्त करू नये. लीजनमध्ये साहाय्यक सभासदांची सोय आहे. ते दररोज जपमाळ व लीजनच्या प्रार्थना म्हणतात आणि अशा रीतीने कामाचा भार वाहतात. ज्या जोड्या घरोघर जातील त्यांच्यासाठी मावशींनी घरी बसून प्रार्थना करावी, आणि जोड्यांनी परतताना मावशींकडे क्षणभर थांबून ‘जाऊन आलो’ एवढे सांगावे. त्यांना हारापेक्षा याचा आनंद अधिक होईल.

आणि फिबीचे उदाहरण विसरू नये. मावशींना काय हवे ते विचारावे. गुडघे डॉक्टरांना दाखविले आहेत काय? रविवारी मिस्सेला त्यांना वाहनातून कोण आणील? शालीसाठी जमविलेल्या पैशांतून हलकी शाल घ्यावी आणि उरलेल्या रकमेची या कामी तरतूद करावी.

आता मानपत्राचा मजकूर. तो आम्ही सोबत देत आहोत. रिकाम्या जागा शाखेने भराव्यात.

‘मावशी, तुम्ही अमुक साली आमच्या शाखेत आलात. तेव्हापासून दर आठवड्याच्या सभेत तुम्ही हजर राहिलात. या गावातील अमुक इतक्या घरी तुम्ही आजाऱ्यांना भेटलात. जी माणसे देवाघरी गेली त्यांपैकी अमुक जणांच्या शेवटच्या घटकेस तुम्ही जवळ होतात. त्यांच्या कुटुंबांनी आम्हांला जे सांगितले ते असे: (येथे दोन-तीन गोष्टी त्यांच्याच शब्दांत लिहाव्यात.) यांतील पुष्कळसे आम्ही पाहिले नव्हते, या निमित्ताने विचारले तेव्हा कळले. तुमच्या यादीतील घरे आम्ही वाटून घेतली आहेत. पुढील बुधवारपासून पुढील सभासद तेथे जातील.’ आणि खाली जोडीजोडीने नावे.

मजकूर एवढाच. विशेषणे आम्ही मुद्दाम घातलेली नाहीत. कोणास घालावीशी वाटल्यास आमचा आग्रह नाही. आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. जोड्यांची नावे भरून झाल्याखेरीज हे मानपत्र छापखान्यात धाडू नये. सत्काराचा रविवार त्यासाठी एक-दोन आठवडे पुढे ढकलावा लागला, तरी मावशी रागावणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.

इतर गावच्या वाचकांनीही आपापल्या मंडळात एकदा पाहावे. आपल्या येथील काम कोणाच्या गुडघ्यांवर उभे आहे? ते गुडघे दुखू लागण्यापूर्वीच त्या माणसाबरोबर एक तरुण चालू लागला, तर त्या मंडळास मानपत्राची घाई राहणार नाही, आणि अंथरुणावर पडून वाट पाहणाऱ्यांचा एकही बुधवार रिकामा जाणार नाही. मरियामाता आपणा सर्वांस ही सुबुद्धी मिळवून देवो.